वकिलाने भरपाईची रक्कम उचलली आणि दिली नाही : तक्रार कशी करायची, पैसे कसे मागायचे

भूसंपादनाचा वाढीव मोबदला, अपघाताची नुकसानभरपाई, लोकअदालतीतल्या तडजोडीची रक्कम असे पैसे पक्षकाराला मिळण्याआधी बरेचदा वकिलाच्या हातातून जातात. बहुतेक वकील ते चोख पोचवतात. जो पोचवत नाही त्याच्याविरुद्ध कोणत्या क्रमाने जायचं आणि लोकांचं नेमकं कुठे चुकतं, ते इथे दिलं आहे. कायदा भारतभर एकच आहे, कोर्टातल्या कामकाजाचे शब्द मात्र महाराष्ट्रातले वापरले आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की समजून घ्या. बार कौन्सिल, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणारी संस्था, वकिलाला शिक्षा करते, तुमचे पैसे वसूल करून देत नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली शिस्तपालन समितीला चारच गोष्टी करता येतात : तक्रार फेटाळणे, ताकीद देणे, ठरावीक काळासाठी सनद (वकिलीचा परवाना) निलंबित करणे, किंवा वकिलाचं नाव नामावलीतून कायमचं काढून टाकणे. ‘पक्षकाराची रक्कम परत कर’ असा हुकूम या यादीत नाही. म्हणून वसुलीचा दावा वेगळा लावावा लागतो आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. कितीतरी पक्षकार बार कौन्सिलच्या तारखांना नेमाने जात राहतात आणि तेवढ्यात दाव्याची मुदत निघून जाते. दोन्ही कामं सोबतच चालू ठेवायची.

आधी पैसा कुठपर्यंत आला ते कागदावर पाहा

संशय आला की लोक थेट वकिलाच्या ऑफिसात जाऊन जाब विचारतात. ते जरा थांबवा. जाब विचारण्याआधी रेकॉर्ड हातात हवं, नाहीतर ‘अजून पैसे आलेच नाहीत’ या उत्तरावर तुमच्याकडे बोलायला काही राहत नाही.

ई-कोर्टच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाका. तो माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोध घेता येतो. निकालाची तारीख, त्यानंतरचे अर्ज आणि पुढच्या तारखा तिथे दिसतात. पण ही नोंद अनेकदा त्रोटक असते. खरं चित्र रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या तारीखवार कोर्ट-नोंदीत, सापडतं. ‘रक्कम जमा झाली’, ‘रक्कम काढण्याचा अर्ज मंजूर’, ‘धनादेश दिला’ अशा एकेका ओळीवर पुढे सगळी तक्रार उभी राहते.

नक्कल विभागात अर्ज करून या कागदांच्या प्रमाणित प्रती मागा : निवाडा किंवा तडजोडीचा हुकूम, निकालानंतरचा पूर्ण रोजनामा, रक्कम काढण्याचा अर्ज आणि त्यावरचा हुकूम, धनादेश किंवा बँक ट्रान्सफरचा तपशील, पैसे मिळाल्याची सही असलेली पावती किंवा पर्सिस (कोर्टात दिलेलं लेखी निवेदन), आणि तुमचं वकीलपत्र. तुम्ही प्रकरणात पक्षकार आहात, त्यामुळे हा अर्ज स्वतः करता येतो. त्यासाठी वकिलाची सही किंवा परवानगी लागत नाही. काउंटरवर ‘वकिलांना पाठवा’ असं सांगितलं, तर ओळखपत्र दाखवून स्वतःच्या सहीने लेखी अर्ज द्या. रक्कम कोर्टात जमा झाली होती का आणि कोणाच्या नावे निघाली, ही नोंद नाझर (कोर्टातले पैसे सांभाळणारा अधिकारी) किंवा लेखा शाखेकडे असते. अर्जात प्रकरण क्रमांक, वर्ष आणि अंदाजे महिना लिहिलात तर शोध लवकर लागतो.

पैसे विमा कंपनीने भरले असतील तर कंपनीच्या विधी विभागालाही पत्र टाका. जमा केल्याची तारीख, रक्कम, व्याज, धनादेश क्रमांक किंवा बँक ट्रान्सफरचा यूटीआर क्रमांक विचारा. व्याजावर टीडीएस कापला गेला असेल तर तुमच्या पॅनवरच्या फॉर्म २६ एएसमध्ये (कापलेल्या कराच्या उताऱ्यात) त्याची नोंद दिसायला हवी. पैसे मिळाले नाहीत आणि टीडीएस मात्र तुमच्या नावावर दिसतोय, असं झालं तर रक्कम निघाली आहे हे तिथेच समजतं.

आता आकडा मांडा. समजा निवाडा ६,००,००० रुपयांचा आहे आणि त्यावर सरळव्याज ७.५ टक्क्यांनी तीन वर्षांचं आहे. व्याज १,३५,००० म्हणजे एकूण ७,३५,०००. यातले ३,००,००० कोर्टाने तुमच्या नावे मुदत ठेवीत ठेवायला सांगितले, तर हातात यायला हवे ४,३५,०००. वकिलाने २,६०,००० दिले. तफावत १,७५,००० ची. हा हिशेब न मांडता ‘साडेसात लाखांतले पावणेपाच लाख खाल्ले’ असं लिहिलं की वकील मुदत ठेवीची पावती दाखवतो आणि तक्रारीतला जोर पहिल्याच तारखेला निघून जातो. अपघात दाव्यांमध्ये रकमेचा काही भाग मुदत ठेवीत ठेवण्याची पद्धत जुनी आहे. अज्ञान मुलांचा वाटा ती सज्ञान होईपर्यंत अडकलेला असतो, आणि विधवा, आई-वडील, मुलं यांचे हिस्से निवाड्यात वेगवेगळे लिहिलेले असतात. आधी मिळालेली अंतरिम रक्कम वजा झाली आहे का, तेही बघा. तफावत उरली तर ती नेमकी किती आणि कोणाच्या वाट्यातली, हे एका कागदावर लिहून काढा. हाच कागद पुढे सगळीकडे लागणार आहे.

आणखी एक प्रकार सर्रास दिसतो. रक्कम तुमच्याच नावाच्या बँक खात्यात आलेली असते, पण ते खातं वकिलाने किंवा त्याच्या कारकुनाने उघडून दिलेलं असतं. मोबाइल नंबर त्यांचा, चेकबुक आणि एटीएम कार्ड त्यांच्याकडे, आणि पैसे काढण्याच्या स्लिपवर तुमच्या सह्या आधीच घेतलेल्या. कोर्टाच्या नोंदीत सगळं ठीक दिसतं. अशा वेळी बँकेच्या शाखेत स्वतः जा. खातं उघडल्यापासूनचा उतारा, खाते उघडण्याच्या अर्जाची प्रत आणि मोठ्या रकमा काढल्याच्या स्लिपा मागा. त्याच दिवशी मोबाइल नंबर बदलून घ्या आणि चेकबुक व कार्ड बंद करायचा अर्ज द्या.

वकिलाचा बचाव : ‘ती माझी फी होती’

दहांतल्या नऊ प्रकरणांत उत्तर हेच येतं. म्हणून नियम काय म्हणतात ते माहीत हवं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत भाग सहा, प्रकरण दोनमध्ये पक्षकाराबद्दलची कर्तव्यं दिली आहेत. आपल्या कामाचे नियम असे :

नियम २० : निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवायचा नाही.
नियम २५ : पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवायचा.
नियम २७ : पक्षकाराच्या वतीने रक्कम मिळाली की शक्य तितक्या लवकर त्याला कळवायचं.
नियम ३० : पक्षकाराने मागितल्यावर हिशेबाची नक्कल द्यायची, फक्त नकलेचा खर्च घेऊन.
नियम ३१ : हातात असलेल्या पक्षकाराच्या पैशाचं कर्जात रूपांतर करायचं नाही.

वकिलाच्या बाजूचे नियमही आहेत आणि ते लपवण्यात तुमचा फायदा नाही. नियम २८ प्रमाणे काम संपल्यावर हातात आलेल्या रकमेतून ठरलेली फी वळती करून घेता येते. फी ठरलीच नसेल तर नियम २९ प्रमाणे कोर्टाच्या नियमांनुसार देय होणारी फी वजा करून उरलेली रक्कम परत द्यावी लागते. म्हणजे फी कापणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. न कळवता ठेवून घेणं, हिशेब न देणं आणि ठरल्यापेक्षा जास्त कापणं हे गैरवर्तन आहे.

अपघाताच्या आणि भूसंपादनाच्या कामांत ‘वीस टक्के’, ‘पंचवीस टक्के’ अशी बोली सर्रास होते. ती नियम २० च्या विरुद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या प्रकरणात भरपाईच्या टक्केवारीवर आधारलेली फीची मागणी बेकायदेशीर ठरवली. त्या टक्केवारीसाठी घेतलेल्या धनादेशावरून पक्षकाराविरुद्ध चालवलेली फौजदारी कारवाईही रद्द केली. तेव्हा ‘तुम्हीच टक्क्यांना हो म्हणालात’ हे ऐकून गप्प बसू नका. तशी बोली झाली असेल तर तक्रारीत सरळ लिहा. लपवलेली बोली उलटतपासणीत बाहेर आली की तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

हिशेबाची मागणी लेखी करा

तोंडी मागणीला पुरावा नसतो. एक साधं पत्र लिहा आणि पोचपावतीची सोय घेऊन स्पीड पोस्टाने पाठवा. तेच पत्र वकिलाच्या व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवरही टाका. पत्र एका पानाच्या वर जाऊ देऊ नका :

‘मोटार अपघात दावा क्रमांक ___/२०__ मध्ये मी अर्जदार असून आपण माझे वकील आहात. प्रमाणित रोजनाम्यानुसार दिनांक ___ रोजी रुपये ___ ची रक्कम आपल्याकडे देण्यात आली. मला आजपर्यंत रुपये ___ मिळाले आहेत. उरलेली रक्कम रुपये ___ आणि संपूर्ण हिशेबाची नक्कल हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत द्यावी. नकलेचा खर्च देण्यास मी तयार आहे. रक्कम फक्त माझ्या पुढील बँक खात्यात जमा करावी.’

नकलेच्या खर्चाचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. नियम ३० मध्ये ती अट असल्यामुळे वकिलाची एक पळवाट बंद होते. पत्रात शिव्या नकोत आणि ‘पैसे दिले नाहीत तर पोलिसांत जातो’ अशी धमकीही नको. ते वाक्य पुढे तुमच्याविरुद्ध खंडणीच्या उलट तक्रारीत वापरलं जातं. पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘मालक मिळाले नाहीत’ असा शेरा मारून परत आलं तर ते न फोडता जपून ठेवा, तोही पुरावा आहे.

या पंधरा दिवसांत वकिलाकडून एखादा प्रस्ताव येतो. तिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

‘पूर्ण रक्कम मिळाली, तक्रार नाही’ अशा मजकुरावर सही करून पैसे दोन दिवसांनी देतो, असं सांगितलं जातं. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय सही करायची नाही. जेवढे मिळाले तेवढ्याच आकड्याची पावती द्यायची आणि ‘उर्वरित हक्क राखून’ असं त्यावर लिहायचं. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही तर मुळीच नको. कोऱ्या सहीचा उपयोग बनावट तडजोडनामा तयार करायला होतो. हरीशचंद्र तिवारी विरुद्ध बैजू या २००२ च्या प्रकरणात वकिलाने निरक्षर, वृद्ध पक्षकाराच्या भूसंपादनाच्या मोबदल्याचे ८,११८ रुपये उचलले आणि तक्रार झाल्यावर तडजोड झाल्याचं खोटं प्रतिज्ञापत्र दाखल केलं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने तीन वर्षांचं निलंबन दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाला ती शिक्षा कमी वाटली आणि त्याने वकिलाचं नाव नामावलीतून काढून टाकायचा हुकूम दिला. रक्कम आठ हजारांची होती, तरी पक्षकाराचा पैसा पचवणं हे सनद घालवण्याइतकं गंभीर आहे, हे तिथे स्पष्ट झालं. तुमची रक्कम लहान असेल तर हा निकाल तक्रारीत जरूर नमूद करा.

दुसरा प्रस्ताव हातउसन्याचा. ‘हे पैसे मी तुमच्याकडून उसने घेतले असं लिहून देतो, व्याजही देतो.’ ऐकायला बरं वाटतं. पण सही केली की पक्षकाराचा विश्वासाने ठेवलेला पैसा साधं कर्ज बनतो आणि फौजदारी बाजू पातळ होते. नियम ३१ नेमकं हेच करायला मनाई करतो.

तिसरा प्रस्ताव पुढच्या तारखेच्या धनादेशाचा. तो घ्यायला हरकत नाही, पण सोबत ‘कशापोटी दिला’ याचं सहीचं पत्र घ्या. धनादेश न वटता परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर वकिलाला पैसे भरायला १५ दिवस असतात, आणि ते संपल्यापासून एका महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फिर्याद दाखल करावी लागते. या तारखा भिंतीवर लिहून ठेवा.

फाइल अडवून ठेवली असेल तर घाबरू नका. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवण्याचा हक्क वकिलाला नाही, हे आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या २००० च्या निकालाने ठरलेलं आहे. कागद परत न देणं हाही तक्रारीतला वेगळा मुद्दा होतो. प्रकरण अजून चालू असेल तर नवीन वकील बहुधा जुन्याची ‘ना हरकत’ मागतात. ती मिळत नसेल तर वकीलपत्र रद्द करण्यासाठी कोर्टाच्या परवानगीचा अर्ज करता येतो. निकाल लागून गेला असेल आणि अजून काही रक्कम निघायची बाकी असेल, तर ‘यापुढे कोणतीही रक्कम माझ्या खात्याशिवाय इतरत्र देऊ नये’ असा अर्ज त्याच कोर्टात आजच द्या. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघात दाव्यांची रक्कम थेट दावेदाराच्या बँक खात्यात भरण्याविषयी निर्देश दिले आहेत, त्यामुळे या अर्जाला चांगला आधार आहे.

तक्रार लिहिणं

वकिलाचं नाव ज्या राज्याच्या नामावलीत आहे त्या राज्याच्या बार कौन्सिलकडे तक्रार जाते. महाराष्ट्र आणि गोव्याची एकच बार कौन्सिल आहे आणि तिचं कार्यालय मुंबईत आहे. सनद क्रमांक बहुधा वकीलपत्रावर सहीखाली असतो : एमएएच, मग क्रमांक, मग वर्ष. वकीलपत्रावर तीन-चार वकिलांच्या सह्या असतील तर पैसे ज्याने उचलले त्याच्याविरुद्धच तक्रार करा. सगळ्यांना ओढलं तर प्रत्येकाचं उत्तर, प्रत्येकाच्या तारखा, आणि मूळ माणूस बाजूला राहतो. पैसे कारकुनाने घेतले असतील तर वकिलाचा संबंध कसा येतो ते वेगळ्या परिच्छेदात दाखवा : अर्ज कोणाच्या सहीने होता, धनादेश कोणाच्या नावे होता, पैसे शेवटी कोणत्या खात्यात गेले.

तक्रार अर्जाच्या नमुन्यात, सहीनिशी आणि दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्यापन करून (मजकूर खरा असल्याचं खाली लिहून) द्यायची असते. मराठीत दिली तरी चालते. राज्यभाषेतली तक्रार स्वीकारण्याची तरतूद नियमांतच आहे, त्यामुळे केवळ इंग्रजीत उतरवून घेण्यासाठी कोणाला हजारो रुपये देऊ नका. शुल्क आणि प्रतींची संख्या दाखल करण्याआधी कार्यालयात विचारून घ्या. काही कमी पडलं तर सचिव त्रुटी काढून कळवतात. त्या पत्राला दिलेल्या वेळेत उत्तर द्या, कारण त्रुटी पूर्ण न झालेली तक्रार नोंदवलीच जात नाही.

मजकूर तारीखवार लिहायचा, एका परिच्छेदात एकच घटना आणि तिच्यापुढे जोडपत्राचा क्रमांक. फरक कसा पडतो बघा. ‘वकिलांनी आमच्या गरिबीचा फायदा घेऊन सर्व पैसे हडप केले व आम्हाला देशोधडीला लावले’ या वाक्यातून समितीला तपासण्यासारखं काहीच मिळत नाही. आता हे पाहा : ‘दिनांक ___ च्या हुकुमाने रुपये ४,३५,००० ची रक्कम माझ्या वकिलांकडे (या तक्रारीतील प्रतिवादी) देण्यात आली (जोडपत्र ३, प्रमाणित रोजनामा). त्यांनी मला ही बाब कळवली नाही. दिनांक ___ रोजी मला रुपये २,६०,००० मिळाले (जोडपत्र ५, बँक उतारा). दिनांक ___ च्या पत्राने मी हिशेब मागितला (जोडपत्र ६). आजपर्यंत हिशेब दिलेला नाही.’ पाच वाक्यांत पैसे मिळाले, कळवलं नाही, पूर्ण दिले नाहीत, मागूनही हिशेब दिला नाही हे सगळं आलं आणि प्रत्येकाला कागद आहे. त्याखाली नियम २५, २७ आणि ३० चा भंग लिहा. टक्केवारीची बोली असेल तर २० जोडा.

केस हरल्याचा राग, न्यायाधीशांवर शंका, वकील फोन उचलत नाही अशा गोष्टी यात मिसळू नका. शिस्तभंगाची चौकशी फौजदारी कामासारखी काटेकोर चालते आणि आरोप भक्कम पुराव्याने सिद्ध करावा लागतो. तीन भक्कम आरोपांमध्ये चार कच्चे मिसळले की वकिलाचा वकील कच्च्यांवरच उलटतपासणी घेतो. व्हॉट्सॲपचे संदेश आणि कॉल रेकॉर्डिंग जोडायचं असेल तर मूळ फोन जपा, संदेश काढून टाकू नका आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. पैसे देतो असं वकिलाने एखाद्या संदेशात मान्य केलं असेल तर तो संदेश सगळ्यांत वर ठेवा.

दाखल केल्यावर काय होतं

नोंदणी झाल्यावर बार कौन्सिल वकिलाचं म्हणणं मागवू शकते. गैरवर्तन झालं असं मानायला सकृद्दर्शनी कारण दिसलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. समिती तीन जणांची असते. सुनावणीची नोटीस वकिलाला आणि राज्याच्या महाधिवक्त्यांना जाते. साक्षीदाराला बोलावणं आणि कागद मागवणं याबाबत समितीला दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात, म्हणून बँक किंवा विमा कंपनी तुम्हाला कागद देत नसेल तर ते मागवण्याचा अर्ज समितीकडे करा. पुरावा बहुधा प्रतिज्ञापत्रावर होतो, गरज पडली तर तोंडी साक्ष आणि उलटतपासणी होते. तारखेला गैरहजर राहू नका. जाणं अशक्य असेल तर आधी लेखी अर्ज द्या.

तक्रार मिळाल्यापासून एका वर्षात निकाली निघाली नाही, तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ३६ ब प्रमाणे ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. वर्ष उलटत आलं की तक्रार मिळाल्याच्या तारखेचा दाखला देऊन लेखी आठवण करा. इथे दोन टोकं आहेत. दिल्लीला गेलेलं प्रकरण लढणं गावाकडच्या माणसाला महाग पडतं, आणि मुंबईत रखडलेलं प्रकरण साक्षीदारांना थकवतं. आमच्या मते पहिल्याच तारखेला सगळी जोडपत्रं आणि पुराव्याचं प्रतिज्ञापत्र तयार असेल तर वर्षाच्या आत निकाल लागण्याची शक्यता खूप वाढते.

मध्येच वकील पूर्ण पैसे देऊन तक्रार मागे घ्यायला सांगतो. पैसे जरूर घ्या, ते तुमचेच आहेत. मात्र तडजोड झाली किंवा तक्रारदाराला पुढे चालवायची नाही एवढ्याच कारणाने तक्रार बंद करता येत नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे. तेव्हा ‘तक्रार बंद करून दाखवतो’ असं वचन लिहून देऊ नका. ते पाळणं तुमच्या हातात नाही.

निकाल विरोधात गेला तर हुकूम कळवल्यापासून ६० दिवसांत कलम ३७ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील होतं. तिच्या शिस्तपालन समितीच्या हुकुमावर पुन्हा ६० दिवसांत कलम ३८ खाली सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. शिक्षा फार सौम्य वाटली तरी तक्रारदार अपील करू शकतो. समितीकडे न पाठवताच तक्रार निकाली काढली असेल तर कलम ४८ अ खाली पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो.

पैसे परत मिळवण्यासाठी

वसुलीचा दिवाणी दावा हा मुख्य मार्ग. तीन वर्षांची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची यावर वाद घालता येतो : हिशेब मागून नाकारल्यापासून, वकीलपत्र संपल्यापासून, की फसवणूक कळल्यापासून. असा वाद घालायची वेळ येऊ देऊ नका. वकिलाच्या हातात रक्कम पडली त्या तारखेपासून तीन वर्षं मोजा आणि त्याआधी दावा लावा. मुदत चालू असताना त्याने सहीनिशी देणं मान्य केलं तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते.

पोलिसांकडे जायचं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६ म्हणजे विश्वासघाताने अपहार. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या प्रकाराला जुन्या भारतीय दंड संहितेची ४०६ आणि ४०९ ही कलमं लागतात. खोटी सही किंवा बनावट पावती असेल तर बनावट दस्तऐवजाची कलमंही येतात, आणि तिथे तुमच्या खऱ्या सहीचे त्याच काळातले नमुने लागतात. बँकेतले जुने फॉर्म, सातबाऱ्याच्या कामातले अर्ज असे कागद शोधून ठेवा. ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून ठाण्यात तक्रार घेतली नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, आणि त्यानंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. आधीच्या दोन्ही पायऱ्यांच्या पोचपावत्या जोडल्या नाहीत तर हा अर्ज तिथेच अडतो.

ग्राहक आयोगाकडे जाऊ नका. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी ठरवलं आहे.

एका वकिलाविरुद्ध दुसरा वकील मिळत नाही, ही अडचण तालुक्याच्या ठिकाणी खरीच असते. तेव्हा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. अर्जात ‘प्रतिवादी हे याच बारमधले वकील असल्याने शेजारच्या तालुक्यातील किंवा जिल्हा मुख्यालयातील वकील द्यावा’ असं स्पष्ट लिहा आणि सोबत रोजनाम्याची प्रमाणित प्रत व तफावतीचा तो एका पानाचा हिशेब जोडा.